युद्धाची खासगी वही

(खासगी बाजार, लष्कर-ग्वाल्हेर येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी विषय सुचवला तो 'युद्ध : रणांगणावरचे आणि घरातले'. मी लगेच होकार दिला, आणि त्याचे मुख्य कारण आज आपण ज्या पेठेत बसलो आहोत तिचे नाव. खासगी हा शब्द आता आपण खासगी शाळा, खासगी गाडी, खासगी बोलणे अशा जागी वापरतो. मराठेशाहीच्या दप्तरात मात्र त्याचा अर्थ ठरलेला होता. संस्थानाचा जमाखर्च दोन ठिकाणी मांडला जाई. फौज, किल्ले, तोफखाना, मुलूख हे सारे दौलतीकडे. वाडा, मुदपाकखाना, बायकांच्या नेमणुका, लग्नमुंजी, दानधर्म हे खासगीकडे. होळकरांची खासगी सर्वांना ठाऊक आहे. १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे ती नेमून दिली गेली आणि पुढे अहिल्याबाईंनी देशभर घाट बांधले, देवळे उभारली, ती त्याच पैशातून.

लढाईचा खर्च दौलतीच्या वहीत सापडतो. किती दारूगोळा उडाला, किती घोडी पडली, खंडणी किती आली, तह कोणत्या कलमांनी झाला, हे सगळे तिथे आहे. पण त्याच लढाईपोटी खासगीकडे जे नावे पडले, म्हणजे चूल, देव्हारा, बाळंतिणीची खोली, सावकाराकडे गेलेल्या पाटल्या, ते कोणत्याही बखरीत बेरजेला धरलेले नाही. मी राजघराण्याच्या खासगीबद्दल बोलत नाही, घराघरातल्या खासगीबद्दल बोलतो आहे. त्या दुसऱ्या वहीची काही पाने आज आपल्यापुढे उलटायची आहेत.

या कामाला ग्वाल्हेरहून योग्य जागा मला दिसत नाही. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना आपण 'लष्करात राहतो' असे पत्ता म्हणून सांगतो, तेव्हा त्यांना घडीभर वाटते की हा सैन्यात आहे. आपल्याला त्या शब्दात काहीच वेगळे वाटत नाही, कारण आपण त्यात जन्मलो. पण थोडा विचार करा. लष्कर, कंपू, शिंदे की छावनी ही आपल्या मोहल्ल्यांची नावे आहेत. कंपू म्हणजे कवायती पलटणींचा तळ. आपल्या आज्या-पणज्यांनी तुळशीवृंदावने बांधली ती या तळावर. गाव वसले आणि मग त्यावर युद्ध आले, असे इथे झालेच नाही. युद्ध आधी आले आणि त्यातून गाव उरले.

हे कसे झाले? शिवकाळापासून मराठी माणसाचे वर्ष दोन तुकड्यांत वाटलेले होते. दसऱ्याला सोने लुटायचे, सीमोल्लंघन करायचे आणि स्वारीवर निघायचे. पावसाळ्याच्या तोंडाशी परतायचे आणि नांगर धरायचा. घरधनीण आठ महिने एकटीने घर चालवायची, चार महिने दोघांनी. मराठे नर्मदेपार, मग चंबळेपार गेले आणि हा हिशेब मोडला. चार महिन्यांत घरी जाऊन परत येणे जमेना. पावसाळा तिकडेच, ओळखीच्या मुलखात, पाला-राहुट्यांवर छपरे घालून काढायचा, त्याला म्हणत छावणी करणे. नवरा छावणीला राहिला म्हणजे या वर्षी येत नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ सातारा-पुण्याकडच्या घरात होता. काहींचा एक पावसाळा गेला, काहींचे दहा गेले. शेवटी घरच छावणीत जाऊ लागले.

दौलतराव शिंद्यांच्या अशा चालत्या तळाचे वर्णन टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ मध्ये लिहिलेल्या पत्रांत आहे. तो शिंद्यांच्या दरबारी असलेल्या रेसिडेंटाच्या पहाऱ्यावरच्या तुकडीचा प्रमुख होता. तो लिहितो की कूच असले की बिनीवाला पहाटे पुढे जातो, मुक्कामाच्या जागी महाराजांच्या डेऱ्यासाठी एक लहानसे पांढरे निशाण रोवतो. ती झाली ड्योढी. मग वेगवेगळ्या बाजारांची निशाणे लागतात, आणि तीही नेहमी त्याच क्रमाने. दुकानांच्या दोन समांतर ओळी पडतात, त्यांच्या मधोमध फौजेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबच लांब रस्ता तयार होतो, आणि हा रस्ता कधी कधी तीन-चार मैलांचा असतो. दुसऱ्या दिवशी सगळे उचलायचे आणि पुढच्या माळावर जसेच्या तसे मांडायचे.

मला या वर्णनातली एक गोष्ट फार बोलकी वाटते. मुलूख रोज बदलत होता, पण बाजार आणि शेजार बदलत नव्हता. आज डावीकडे ज्या वाण्याचे पाल होते, ते उद्याही डावीकडेच. तळावरच्या बाईला पीठमीठ आणायला अंधारातही रस्ता सापडला पाहिजे, पोराला आपली राहुटी ओळखता आली पाहिजे. हजारो माणसांनी रोज उखडले जाणारे घर टिकवण्यासाठी काढलेली ती युक्ती होती. १८०३ ला असई आणि लासवारीच्या लढाया हरल्यानंतर, ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांकडे जाऊन १८०५ च्या तहाने परत मिळाल्यानंतर, १८१० मध्ये दौलतरावांनी किल्ल्याच्या दक्षिणेला या माळावर मुक्काम केला. बिनीवाल्याचे ते निशाण पुन्हा उचललेच गेले नाही. आपण त्या मुक्कामात अजून राहतो आहोत.

आता एका शब्दाबद्दल बोलतो, कारण तो शब्द आपल्या सगळ्यांच्या पूर्वजांना लागू आहे. बाजारबुणगे. आज हा शब्द शिवीसारखा वापरतात. बुणगे म्हणजे फौजेबरोबरची न लढणारी माणसे आणि सामान : वाणी, उदमी, भिस्ती, बेलदार, घोड्यांचे खिजमतगार, कहीवर जाऊन गवत-लाकूड आणणारे, आचारी, भटजी, आणि या साऱ्यांच्या बायका-मुले. पानिपतावर काहीही वाचा, एक वाक्य हटकून भेटते, की बुणग्यांच्या ओझ्याने मराठे बुडाले. यात तथ्य आहे. अब्दालीने रसद तोडली, गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि कोंडलेल्या तळावर तोंडे फार झाली, धान्य उरले नाही. पण ही तोंडे तिथे आली कोणाच्या परवानगीने? फौजेच्या सोबतीने कुरुक्षेत्र, प्रयाग, काशी घडेल या आशेने म्हाताऱ्या बायका निघाल्या, त्यांना घेऊन जाण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. सरदारांची घरेदारेही बरोबर होती. पराभवाचा बोजा सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकण्याची ही सवय मला मान्य नाही, आणि जिथे निम्मे गाव बाजारबुणग्यांच्या वंशजांचे आहे तिथे ती कोणालाच मान्य नसावी.

आपल्या गावाचा संस्थापक वंश एका बुणग्याने वाचवला, हेही लक्षात घ्या. १७५५ ते १७६१ या सहा वर्षांत शिंद्यांच्या एका घरातून चार कर्ते पुरुष गेले. जयाप्पा नागोरला, दत्ताजी १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर, तुकोजी आणि जनकोजी पानिपतात. पाय तुटेपर्यंत जखमी झालेले महादजी रणात पडले होते. त्यांना उचलून नेले ते राणेखान या भिस्त्याने, पाणक्याने. महादजी पुढे जन्मभर लंगडत चालले आणि राणेखानाला भाऊ म्हणत राहिले, त्याला सरदारकी दिली. पखालीवाला त्या दिवशी तिथे नसता, तर तुकोजींचा नातू दौलतराव कोणाच्या मांडीवर दत्तक बसला असता, आणि लष्कर नावाचे गाव कुठे असते?

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. संक्रांत कोसळली, हे शब्द मराठी बाई अजून घरातल्या दुःखासाठी वापरते. 'पानिपत झाले' असे आपण परीक्षेत नापास झालेल्या मुलाबद्दलही म्हणतो. मराठीने हे युद्ध रणांगणावरून उचलून स्वयंपाकघरात आणून ठेवले आहे, दुसऱ्या कोणत्याही लढाईच्या वाट्याला हे आले नाही. त्याचे कारण साधे आहे. जवळपास प्रत्येक घरातले कोणी ना कोणी तिथे होते.

ही बातमी दक्षिणेला कशी आली ते पाहा. नानासाहेब पेशवे मदतीला उत्तरेकडे निघाले होते. जानेवारीच्या अखेरीस भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशाजवळ, त्यांच्या हाती एका सावकारी पेढीचे पत्र पडले. मजकूर जमाखर्चाच्या भाषेत होता. मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही, अशा आशयाचा. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. त्यांची संख्या दिलेली होती. आणि खुर्दा म्हणजे चिल्लर, म्हणजे बाकीचे सगळे. शाळेत हे पत्र शिकवताना गुरुजी मोत्यांपाशी थांबत. मी गेली कित्येक वर्षे त्या खुर्द्यापाशी थांबतो. सावकाराने त्यात काही क्रूरपणा केला नाही, त्याच्याजवळ तेवढीच माहिती होती. पण ज्या घरातून तो खुर्दा गेला होता, त्या घरात तो खुर्दा नव्हता. तिथे तो मोतीच होता, आणि बहुधा एकुलता एक.

वाचलेले लोक दक्षिणेकडे निघाले. सूरजमल जाटाने आणि त्याच्या घरच्यांनी त्यांना खाऊ घातले, अंगावर पांघरूण दिले, जखमींना डीग-कुंभेरला ठेवून घेतले. हे उपकार मराठी माणसाने विसरू नयेत. तिथून लोक आले ते ग्वाल्हेरला. किल्ला तेव्हा मराठ्यांकडे होता. सात-आठ महिन्यांपूर्वी, मे १७६० च्या अखेरीस, भाऊसाहेबांची फौज याच रस्त्याने वर गेली होती, वाजतगाजत. आता त्याच रस्त्याने तुकड्यातुकड्यांनी माणसे खाली येत होती. नाना फडणीस त्यांत होते. वय अठरा. आईला आणि बायकोला बरोबर घेऊन गेले होते. बायको वाचली. आई त्या पळापळीत हरवली ती परत मिळाली नाही. पुढे चाळीस वर्षे या माणसाने मराठी राज्याचा कारभार वाहिला, हिंदुस्थानभर बातमीदार पेरले, पत्र कुठून निघाले आणि कुठे पोचले याची नोंद ठेवली. त्यांनी स्वतःबद्दल लिहिलेले छोटेसे आत्मचरित्र आहे, त्यात हा पळ आणि ही आई आहे. दौलतीच्या वहीत नाना फडणीस म्हणजे बुद्धी आणि धोरण. खासगीच्या वहीत ते एक मुलगा आहेत, ज्याच्या हातून आईचा हात सुटला.

ज्या बायका-मुलांना पकडून पश्चिमेला नेले, त्यांचे काय झाले याची वही कोणी लिहिली नाही. बलुचिस्तानात बुगटी टोळीमध्ये स्वतःला मराठा म्हणवणारे लोक आहेत, ही खूण तेवढी राहिली.

आणि पार्वतीबाई. भाऊसाहेबांच्या पत्नी. त्याही त्या गर्दीतून निसटून ग्वाल्हेरवरून दक्षिणेत गेल्या. भाऊंचे प्रेत मिळाल्याचे, दहन झाल्याचे सांगणारे होते, तसेच ते जिवंत निसटल्याचे सांगणारेही होते. पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. कुंकू पुसले नाही. पुढे भाऊसाहेब म्हणवणारा तोतया उभा राहिला, त्याने वर्षानुवर्षे राज्य ढवळले, अखेर १७७६ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. इतिहासकार तोतयाचे बंड राजकारण म्हणून शिकवतात. मला त्यात आधी दिसते ते असे, की हजारो घरांत माणूस परत आला नव्हता आणि मेल्याची खात्रीही नव्हती. दाराकडे लागलेले इतके डोळे असल्यावर त्या दारात कोणीतरी तोतया येऊन उभा राहणारच.

ही फार जुनी गोष्ट झाली असे कोणाला वाटत असेल, तर दुसरे एक नाव घेतो. दमयंती तांबे. बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्यांचे पती फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान डिसेंबर १९७१ च्या युद्धात पाकिस्तानच्या हद्दीत पडले. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. १९७१ च्या युद्धातले जे ५४ सैनिक बेपत्ता म्हणून नोंदले आहेत, त्यांत त्यांचे नाव आहे. सरकार बदलले, युगे बदलली, त्या विचारत राहिल्या. २००७ मध्ये बेपत्तांच्या नातेवाइकांना पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन पाहू दिले गेले, तेव्हा त्या गेल्या. कोणी सापडले नाही. पार्वतीबाई आणि दमयंतीबाई यांच्यामध्ये दोनशे दहा वर्षे आहेत. युद्धाची दौलत या काळात ओळखू येणार नाही इतकी बदलली, जंबुरे जाऊन जेट आले. खासगीच्या पानावरची नोंद मात्र तीच आहे : आला नाही, गेल्याचे कळले नाही.

आता ज्या युद्धाला या पेठेच्या नावाशी जवळचे नाते आहे, त्याकडे वळतो. ७ फेब्रुवारी १८४३ ला जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. मागे राहिल्या ताराबाई, वय तेरा वर्षांच्या आसपास. त्यांनी दत्तक घेतला तो मुलगा आठ-नऊ वर्षांचा, तेच पुढचे जयाजीराव. म्हणजे एक विधवा मुलगी आई झाली आणि तिच्या मांडीवर तिच्याहून चार-पाच वर्षांनी लहान मुलगा राजा झाला. राज्य चालवायला इंग्रजांच्या पसंतीने मामासाहेब नेमले गेले. वाड्यातून विरोध झाला, काही महिन्यांत मामासाहेब गेले आणि सूत्रे आली दादा खासगीवाले यांच्या हाती. खासगीचा कारभारी. गव्हर्नर जनरल एलेनबरोने मागणी केली की खासगीवाल्यांना आमच्या स्वाधीन करा. डिसेंबरमध्ये ते केलेही. तरी फौज चंबळ ओलांडून आलीच, कारण एलेनबरोची नजर पंजाबवर होती आणि पाठीमागे ग्वाल्हेरची एवढी मोठी फौज त्याला नको होती.

२९ डिसेंबर १८४३. एकाच दिवशी महाराजपूर आणि पनियार अशा दोन लढाया झाल्या. ग्वाल्हेरचे गोलंदाज तोफांपाशी कापले जाईपर्यंत हटले नाहीत, असे त्यांच्या शत्रूंनीच लिहून ठेवले आहे. महाराजपूरला इंग्रजांचे मृत आणि जखमी मिळून आठशेच्या आसपास, पलटणवार नोंदलेले. आपल्या बाजूचा आकडा तीन हजारांच्या पुढे असा अंदाजाने सांगतात. पुन्हा खुर्दा! इंग्रज सेनापती गफची पत्नी आणि मुलगी, हॅरी स्मिथची पत्नी हत्तीवर बसून लढाईच्या माऱ्यात सापडल्या, त्याचे मोठे कौतुक झाले. जिंकलेल्या तोफांच्या धातूतून पदके पाडली गेली, 'ग्वाल्हेर स्टार'. हत्तीवरच्या त्या बायकांची नावे आपल्याला माहीत आहेत. त्या संध्याकाळी लष्करच्या किती घरांत दिवा लागला नाही, त्यातले एक नाव मला सांगता येणार नाही.

१३ जानेवारी १८४४ च्या तहाने ग्वाल्हेरच्या फौजेवर नऊ हजारांची मर्यादा घातली गेली. इतिहासाच्या पुस्तकात हे एक कलम आहे. या गावात त्याचा अर्थ काय झाला असेल ते इथले दुकानदार सांगू शकतील. लष्कर हे लष्करावर जगणारे गाव होते. शिपायाचा रोजमुरा आला की वाण्याची उधारी फिटणार, उधारी फिटली की सराफाचे व्याज, त्यातून शिंप्याची शिलाई आणि भटजीची दक्षिणा. हजारो शिपाई एका फटक्यात घरी बसले, की तोफ न उडता सबंध बाजार लढाई हरतो. रोजमुरा थकण्याची सवय तर शिंद्यांच्या फौजेला आधीपासून होती. पगारासाठी शिपायांनी धरणे धरल्याच्या हकिकती दौलतरावांच्या काळात पुष्कळ आहेत. त्या काळी घर कसे चालत असे, याकडे मी शेवटी येणार आहे.

१८५८ च्या जूनबद्दल आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत, म्हणून तिथे फार थांबत नाही. १ जूनला राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब यांनी ग्वाल्हेर घेतले, शिंद्यांची फौज त्यांना मिळाली, जयाजीराव आग्र्याला गेले, खजिन्यातून फौजेचे पगार वाटले गेले. १७ जूनच्या सुमारास कोट्याच्या सराईजवळ राणीसाहेब पडल्या, १९ ला इंग्रज सेनापती ह्यू रोज लष्करात शिरला, दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. तीन आठवड्यांत या गल्ल्यांनी तीन सरकारे पाहिली. दर वेळी कोणत्या दारावर कोणाचे तोरण बांधायचे हे घरातल्यांना ठरवावे लागले, आणि तेही चुकीच्या तोरणाची किंमत काय असते हे ठाऊक असताना. राणीसाहेबांचा दत्तक मुलगा दामोदरराव पुढे रानावनात भटकला आणि इंदुरात एका पेन्शनरासारखा जगला. फुलबागेतल्या समाधीवर आपण फुले वाहतो, तेव्हा आईमागे उरलेल्या त्या पोरालाही आठवावे.

त्या धामधुमीचा घरगुती साक्षीदार मात्र एकच, विष्णुभट गोडसे. कुलाब्याकडचे वरसई गाव सोडून हा भिक्षुक १८५७ मध्ये उत्तरेला का निघाला? घरी कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असे कळले होते. स्वातंत्र्यसमर पाहायला तो आलेला नव्हता. कर्ज फेडायला निघालेला माणूस झाशीच्या वेढ्यात सापडला, लुटला गेला, आणि शेवटी गंगेची कावड घेऊन आईबापांकडे परतला. 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापले गेले. त्या पुस्तकात युद्ध दिसते ते विहिरीवरच्या गर्दीतून, अन्नाच्या भावातून, लपायच्या जागांतून. सेनापतींच्या साऱ्या खलित्यांपेक्षा मला ते पुस्तक मोठे वाटते, आणि हे मी विचार करून म्हणतो.

विसाव्या शतकातले एक पान उलटतो. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले तेव्हा माधवराव शिंद्यांनी 'एम्प्रेस ऑफ इंडिया' हे जहाज विकत घेऊन हिंदी जखमींसाठी इस्पितळाचे जहाज केले, नाव दिले 'लॉयल्टी'. ग्वाल्हेरच्या पैशाने समुद्रावर जखमी वाहिले गेले. युद्ध संपल्यावर ते जहाज वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी यांच्या मंडळींनी घेतले, कंपनीचे नाव पडले सिंदिया, आणि ५ एप्रिल १९१९ ला ते मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन आहे. युद्धातून निघालेली ही एक चांगली गोष्ट, आणि तिचे मूळ इथे आहे, हे आपल्या मुलांना सांगायला हवे.

डिसेंबर १९७१ मी स्वतः पाहिला. मी शाळकरी होतो. आग्र्यावर बॉम्ब पडल्याची बातमी आली आणि आमच्या गल्लीत तावदानांवर काळे कागद चिकटवले गेले. आजी चुलीवर भाकरी टाकताना दाराला घोंगडी लावायची, जाळाचा उजेड बाहेर जाऊ नये म्हणून. महिनाभराने काका कागद काढू लागले तर तिने देवघराच्या खिडकीचा कागद काढू दिला नाही. पुढे कित्येक वर्षे तो तसाच होता. विचारले तर म्हणायची, असू दे, पुन्हा लागेल.

तिचे फारसे चुकले नाही. आपल्या महाराजपुऱ्याच्या तळावरची मिराज विमाने १९९९ मध्ये कारगिलच्या टायगर हिलवर गेली. २६ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे बालाकोटवर गेली तीही याच तळावरून. आता सीमोल्लंघनाला आठ महिने लागत नाहीत. माणूस रात्री घरातून जेवून निघतो, सकाळी परततो, आणि घरच्यांना तो कुठे जाऊन आला ते टीव्हीवरून कळते. आपण त्या पहाटे गाढ झोपलो होतो. तळावरच्या घरांत कोणकोण जागे होते, ते त्यांनाच ठाऊक. शेजारच्या भिंड-मुरैनाच्या खेड्यांत तर घराघरातले पोर फौजेत आहे. सीमेवर काही झाले की तिथल्या म्हाताऱ्या फोन उशाशी घेऊन झोपतात.

जाता जाता आमच्या घरची एक गोष्ट सांगतो. देवघरात एक पितळी नळी होती, तिच्यात मोडी लिपीतला एक कागद. पूर्वजाला रणांगणावर मिळालेली सनद, असे आम्ही ऐकत आलो होतो. दसऱ्याला शस्त्रांबरोबर तिची पूजा होई, गंधफूल वाहिले जाई. मोडी वाचणारे घरात कोणी उरले नव्हते. काही वर्षांपूर्वी एका जाणकारांना तो दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि मग हळूच सांगितले, ही सनद नाही, ही गहाणाची यादी आहे. तांब्याची दोन घंगाळे, एक परात, समया, बाईच्या पाटल्या, मुलाच्या कंबरेची साखळी. सराफाकडे ठेवले. रोजमुरा आल्यावर सोडवून नेऊ. सोडवल्याची नोंद कागदावर नव्हती.

घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग माझ्या बहिणीने तो कागद पुन्हा नळीत घातला आणि देवघरात ठेवला. आमच्याकडे दसऱ्याला अजून त्याची पूजा होते, आणि आता ती का करायची हे आम्हाला नीट कळते. नवरा तळावर, पगार थकलेला, आणि एका बाईने एकेक भांडे उतरवून ते घर उभे ठेवले. तिचे नाव यादीत नाही. पाटल्या आहेत.

मंडळी, या पेठेत, कंपूत, छावणीत, बाड्याच्या आसपास अशी घरे अजून पुष्कळ आहेत. माळ्यावर ट्रंका आहेत, बोळकी-नळ्या आहेत, लाल फडक्यात बांधलेली दप्तरे आहेत. जुने वाडे पडत आहेत, मुले पुण्या-बंगळूरला गेली आहेत आणि कागद वजनावर विकले जात आहेत. त्यात कदाचित एकही सनद नसेल. उधारीच्या याद्या असतील, बालपरवेशीसाठी, म्हणजे मागे राहिलेल्या बायकामुलांच्या पोटगीसाठी, केलेले अर्ज असतील, छावणीहून आलेले एखादे पत्र असेल. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत, आज ना उद्या ती नसतील. दिवाळीची साफसफाई महिन्यावर आली आहे. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ती ट्रंक एकदा खाली उतरवा आणि आतले कागद कोणाकडून तरी वाचून घ्या.